आठ महिने, २१ हजार किलोमीटर: डिझेल पिकअपचं खरं ॲव्हरेज

डबल कॅब, टर्बो डिझेल, मॅन्युअल गिअर. कागदावर लिटरला १४ किलोमीटर, माझ्या वहीत १०.८. डॅशबोर्ड ११.६ दाखवतो, पण तो मी धरत नाही. दर वेळी नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, ट्रिप शून्य करायची, लिटर लिहायचे.

रिकामी गाडी ताशी ८० ने नेली की १३ च्या वर देते. तीच ११० ने पळवली की १० वर येते. पिकअपचं तोंड उभं, मागे उघडा हौदा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून ११० ला जवळपास दुप्पट. मागे ८०० किलो आणि गावातली थांबाथांब असली की साडेआठ. दाव्याची चाचणी रोलरवर होते. युरोपात २०१७ पासून आलेली डब्ल्यूएलटीपी चाचणी जुनीपेक्षा बरी, पण तीही अर्ध्या तासाची, २३ किलोमीटरची, एसी बंद ठेवून. त्यात पूर्ण भरलेला हौदा नसतो.

डीपीएफचं, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचं, मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं. पाचव्या महिन्यात आठवडाभर नुसत्या छोट्या फेऱ्या झाल्या. एकदा गाडी उभी केली तर आरपीएम चढलेला, पंखा घोंघावतोय, खालून तापल्याचा वास. साठलेली काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल घेत होतं. मी चावी फिरवून बंद केली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या टाकीला ७.९ पडलं. आता असं झालं की वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवून आणतो.

म्हणूनच पुढचं इंजिन निवडताना फेऱ्या बघाव्यात असं मला मनापासून वाटतं. टोयोटा हायलक्सच्या २.८ डिझेलला ४८ व्होल्टच्या छोट्या इलेक्ट्रिक मोटरची जोड मिळाली आहे. थांबाथांबीत मदत होते, चमत्कार नाही. फोर्ड रेंजरचा प्लग-इन (चार्जिंग करता येणारा हायब्रिड) आणि तसाच बीवायडी शार्क रोजच्या छोट्या फेऱ्यांना उत्तम, पण त्यांचा अधिकृत आकडा भरलेल्या बॅटरीवर उभा असतो. बॅटरी उतरली की शार्कमध्ये लांबचं ओझं १.५ लिटरच्या पेट्रोल इंजिनावर येतं, वर बॅटरीचं वजन. निव्वळ इलेक्ट्रिकला जड ट्रेलर जोडला की रेंज निम्म्यावर येते. लांब पल्ला आणि भरलेला हौदा असेल तर आजही डिझेलच घ्या.

माझ्या निम्म्या फेऱ्या गावातल्या, त्यामुळे मी प्लग-इन बघणार आहे. टेस्ट ड्राइव्ह मात्र हौद्यात ८०० किलो टाकून आणि बॅटरी उतरल्यावरच घेईन.