उघड्या टपाच्या गाडीचा रोल बार : कुपवाड एमआयडीसीतील एका वर्कशॉपचे काम

कुपवाड एमआयडीसीतील या छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मुख्यतः साखर कारखान्यांची आणि शेतीअवजारांची कामे चालतात. रोल बार, म्हणजे गाडी उलटल्यास डोके वाचवणारी सीटमागची पोलादी कमान, ही तिथली रोजची वस्तू नव्हे. तरीही माझ्या सॅन स्टॉर्म या उघड्या टपाच्या गाडीसाठी त्यांनी केलेले काम पाहता, सांगली-साताऱ्याकडे उघड्या टपाची गाडी बाळगणाऱ्या आणि ती ट्रॅक डेला (शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवण्याच्या दिवशी) नेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने या वर्कशॉपचा विचार करावा, असे मी निःसंकोच सांगेन.

बंद टपाची गाडी उलटली, तर छत आणि खांब काही भार पेलतात. उघड्या गाडीत त्या जागी फक्त समोरच्या काचेची चौकट असते आणि चालकाचे डोके तिच्यापेक्षा उंच असू शकते. म्हणूनच ट्रॅक डे भरवणारे अनेक क्लब उघड्या गाडीला रोल बारशिवाय आत घेत नाहीत. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जायचे असो वा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, अटी आयोजकागणिक बदलतात, तेव्हा नोंदणीचे पैसे भरण्यापूर्वी त्या लेखी मागवून घ्याव्यात. मी वर्कशॉपला एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांतील परिशिष्ट ‘जे’मधील मापे दिली होती. ट्रॅक डेला ती सक्तीची असतातच असे नाही, पण पाइप कापण्यापूर्वी हातात एक पक्का आधार असलेला बरा.

मुख्य कमानीसाठी ही मापे ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि २.५ मिलिमीटर जाडीचा, किंवा ५० मिलिमीटर व्यासाचा आणि २ मिलिमीटर जाडीचा, थंड ओढलेला सीमलेस (सांधा नसलेला) पाइप मागतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा जी.आय. पाइप या कामाला चालत नाही, हे वर्कशॉपच्या मालकांनी मी तोंड उघडण्यापूर्वीच सांगितले आणि सीमलेस पाइप त्याच्या टेस्ट सर्टिफिकेटसह मागवला. पाइप वाकवताना वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी, आणि वाकवलेल्या जागी पाइप लंबगोल झालाच, तर लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पटीहून कमी होता कामा नये. पहिल्या कमानीच्या एका वळणावर मालकांनी व्हर्निअर लावला, तेव्हा एका बाजूने ४७ आणि दुसऱ्या बाजूने ४१ मिलिमीटर भरले. डोळ्यांना ते वळण अगदी गोलाईदार दिसत होते आणि रंग दिल्यावर कोणालाही शंका आली नसती. “साहेब, पाइप वाकवायचाय, चेपायचा न्हाई,” एवढे बोलून त्यांनी ती कमान भंगारात टाकली आणि दुसरा पाइप जास्त त्रिज्येच्या डायवर स्वतः उभे राहून वाकवून घेतला. वाया गेलेल्या पाइपचा एक रुपयाही त्यांनी बिलात धरला नाही.

खरी परीक्षा मात्र पायांची होती. गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरग्लासची आहे. तिच्या फ्लोअरवर प्लेट ठेवून बोल्ट आवळले, तर गाडी उलटताच कमान फ्लोअर फोडून खाली जाईल. त्यामुळे फ्लोअरला नेमक्या जागी खाच घेऊन दोन्ही पाय थेट चेसिसवर उतरवले गेले. चेसिसला नुसते भोक पाडून ती कमकुवत न करता तिला तीन बाजूंनी कवटाळणारे ३ मिलिमीटर जाडीचे ब्रॅकेट आधी जोडले, आणि प्रत्येक पायाला ८.८ ग्रेडचे एम-८ बोल्ट तीन-तीन लावले. वेल्डिंगच्या उष्णतेने फायबर जळू नये म्हणून गाडीत फक्त टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारले आणि कमान बाहेर काढून पाइपभोवती पूर्ण वेढ्याचे वेल्डिंग टेबलावर केले. मागे जाणारे दोन आधार सरळ आहेत, उभ्या रेषेशी ३० अंशांहून अधिक कोन करतात आणि कमानीला वरच्या वळणाजवळच मिळतात. कमानीतला तिरका ब्रेस मी काढून टाकायला सांगून पाहिला, कारण मागचे दिसायला त्याचा थोडा अडथळा होतो. मालकांनी त्याला ठाम नकार दिला आणि तो योग्यच होता, कारण बाजूने भार आला की ब्रेस नसलेली कमान चौकटीसारखी कलंडते.

उंची ठरवताना मी सीटवर बेल्ट लावून, हेल्मेट घालून बसलो आणि कमानीच्या माथ्यापासून काचेच्या चौकटीपर्यंत एक सरळ दांडा ठेवला गेला. हेल्मेट दांड्याच्या खाली राहणे ही किमान अट. अनेक क्लब त्याखेरीज दोन इंच, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर, मोकळी जागा मागतात. तेवढी भरत नव्हती. कमान वाढवली असती तर कापडी टप बंद झाला नसता, म्हणून सीटचे रेल बदलून सीटच खाली घेतली. उंच चालकांनी हा उपाय आधी करून पाहावा.

उणिवा दोन आहेत आणि दोन्ही दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. कमानीवर त्यांनी एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा मऊ फोम गुंडाळून दिला. बोटाने दाबला तर तो थेट पोलादाला टेकतो. डोके आपटल्यास त्याचा काहीही उपयोग नाही. तो काढून एफआयए ८८५७-२००१ टाइप ए किंवा एसएफआय ४५.१ मानकाचे कडक पॅडिंग स्वतः मागवावे लागते. शिवाय हार्नेससाठीची (दोन्ही खांद्यांवरून जाणाऱ्या रेसिंग पट्ट्यांसाठीची) आडवी नळी त्यांनी खांद्याच्या बरीच खाली बसवली होती. खांद्यावरचे पट्टे मागे फार उताराने गेले, तर धडकेच्या वेळी मणक्यावर दाब येतो. आडव्या रेषेशी ४५ अंश ही कमाल मर्यादा आहे आणि शक्यतो १० अंशांच्या आत राहावे, अशी शिफारस आहे. नळी त्यांनी तक्रार न करता वर घेतली, पण काम लांबले. मूळचा तीन टोकांचा बेल्टच वापरणार असाल, तर ही नळी लागतच नाही. उलट रोल बार नसलेल्या उघड्या गाडीत हार्नेस कधीही लावू नये, कारण तो उलटलेल्या गाडीत माणसाला ताठ बांधून ठेवतो.

एमएच-१० पाटीची ही गाडी रस्त्यावरही चालवायची असल्यामुळे गाडीतल्या बदलांविषयीच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची बाब उरते. बदल करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्या, असे वर्कशॉपनेच सुचवले. जिप्सी किंवा जुनी थार यांसारख्या स्वतंत्र चेसिसच्या गाड्यांचे काम ते आनंदाने घेतात. चेसिस वेगळी नसलेल्या नव्या आयात कन्व्हर्टिबलला मात्र ते हात लावत नाहीत आणि त्या गाडीसाठीच तयार केलेला बोल्ट-ऑन रोल बार मागवा, असे सांगून ग्राहकाला परत पाठवतात. जाताना स्वतःचे हेल्मेट सोबत न्यावे, कारण त्याशिवाय ते उंचीचे माप घेत नाहीत.