वॉशिंग्टनचं आफ्रिकन अमेरिकन म्युझियम: आधी तळघर, मग बाकी सगळं

वॉशिंग्टन डीसीला पाहुण्यांना घेऊन जाणारी आपली मंडळी विमानांच्या म्युझियममध्ये अर्धा दिवस घालवतात आणि उरलेल्या दोन तासांत काळ्या अमेरिकनांच्या इतिहासाचं हे म्युझियम उरकू म्हणतात. ते जमत नाही. इथल्या इतिहासाच्या तीन मजल्यांनाच साडेतीन-चार तास धरा.

प्रवेश फुकट, पण ठरावीक वेळेचा पास लागतो. तो म्युझियमच्या वेबसाइटवर आधीच काढायचा. त्याच दिवसाचे थोडे पास सकाळी ऑनलाइन सुटतात, पण चार-पाच जण असाल तर त्यावर विसंबू नका. सोमवारी दारं दुपारी १२ ला उघडतात. मेट्रोनं फेडरल ट्रँगलला किंवा स्मिथसोनियनला उतरा. पार्किंग शोधण्यात वेळ घालवू नका.

आत गेल्यावर वरच्या मजल्यांचा मोह टाळून थेट खाली जाणाऱ्या लिफ्टची रांग धरा. लिफ्ट उतरते तशी बाहेरच्या भिंतीवर लिहिलेली वर्षं मागे जातात, पार पंधराव्या शतकापर्यंत. इथून रॅम्पनं वर चढत यायचं. उलट दिशेनं पाहिलं तर काही कळत नाही.

तळाचा सी-३ मजला सुरुवातीला मुद्दाम अरुंद आणि अंधारा ठेवलाय. कल्पना चांगली, पण त्यामुळे कोंडी होते आणि फलक लोकांच्या खांद्यांवरून वाचावे लागतात. पुढे जागा एकदम मोकळी होते आणि समोर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनचा पुतळा येतो. त्याच्यामागे विटांची भिंत, विटांवर त्यानं गुलाम म्हणून बाळगलेल्या ६०० हून अधिक माणसांची नावं. 'सगळी माणसं समान' लिहिणाऱ्याचा हिशोब इतका थेट कुठे मांडलेला नाही.

खरी गोची या मजल्याच्या शेवटी. यादवी युद्धानंतरची पुनर्रचना हा अमेरिकेच्या राजकारणाचा कणा: १८६५ ला गुलामी रद्द, १८६८ ला नागरिकत्व, १८७० ला काळ्या पुरुषांना मताधिकार, आणि १८७७ ला दक्षिणेतून या हक्कांना आधार देणारं केंद्राचं सैन्य मागे घेऊन त्यातलं बरंचसं पाण्यात. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती याच आशेच्या वर्षांत. पण इथवर येईतो पाय दुखायला लागतात आणि लोक सरळ रॅम्प चढतात. तसं करू नका, वीस मिनिटं इथे राखून ठेवा.

सी-२ वरचा सदर्न रेल्वेचा डबा चुकवायचा नाही. तो इतका मोठा आहे, की २०१३ मध्ये क्रेननं आधी खाली उतरवला आणि मग त्याच्यावर इमारत बांधली. आत शिरलात की बाकांपेक्षा वर बघा: गोऱ्यांच्या भागात सामानाचे रॅक आहेत, 'कलर्ड' म्हणजे काळ्यांच्या भागात नाहीत, म्हणजे बॅगा पायाशी घेऊन प्रवास. स्वच्छतागृहांच्या आकारातही तोच फरक. काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणं कायदेशीर ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १८९६ च्या प्लेसी निकालातलं 'वेगळं पण समान' म्हणजे काय, ते इथे फूटपट्टीनं मोजता येतं.

याच मजल्यावर १९५५ साली मिसिसिपीत गोऱ्यांनी मारलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाची मूळ शवपेटी आहे. फोटो काढायला मनाई. रांग लागते, दुपारच्या गर्दीआधी पोचलेलं बरं. लहान मुलांना आत न्यायचं की नाही, हे रांगेत उभं राहण्याआधी ठरवा.

१९६० साली ग्रीन्सबरोत काळ्या विद्यार्थ्यांनी गोऱ्यांपुरत्या लंच काउंटरवर बसून धरणं धरलं, त्याचं इथलं काउंटर म्हणजे टचस्क्रीनचा खेळ. मुलं रमतात. मूळ काउंटरचा तुकडा आणि चार स्टुलं मात्र शेजारच्या अमेरिकन हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत. तिथे पास लागत नाही.

१९६८ नंतरचा सी-१ सगळ्यात कमकुवत. पडदे फार, आवाज फार, कारणमीमांसा कमी. अर्ध्या तासात आटपा.

स्वीट होम कॅफेत चार प्रांतांची चार काउंटर आहेत. दक्षिणेकडच्या पालेभाज्यांत आणि घेवड्यात मांस घालायची पद्धत आहे, म्हणून शाकाहाऱ्यांनी प्रत्येक पदार्थ विचारून घ्यावा. बाराच्या ठोक्याला जाऊ नका, दोननंतर जा. संगीत आणि खेळांचे वरचे मजले त्यानंतर, तेही अंगात त्राण उरलं तर.