भूमिगत ब्लास्टचे हादरे: जिओफोन की फायबर?

खाणीत खाली ब्लास्ट झाला की वर शेतात हादरे कशाने मोजायचे? सावनेर-खापा पट्ट्यात मी दोन्ही वापरून पाहिलंय, म्हणून लिहितो.

कागदावर जिओफोनच सरस, म्हणजे खिळ्याने जमिनीत ठोकायचं हादरे मोजायचं उपकरण. तो तिन्ही दिशांनी कणांचा वेग मोजतो आणि डीजीएमएसच्या (केंद्राचं खाण सुरक्षा महासंचालनालय) 1997च्या परिपत्रकातल्या मर्यादाही त्याच भाषेत आहेत: गावातल्या साध्या घरापाशी कंपनं 8 हर्ट्झच्या (सेकंदाला आठ) खाली असतील तर सेकंदाला 5 मिलिमीटर. आकडा आला, रिपोर्टमध्ये लिहिला. फायबर केबल म्हणजे जमिनीत पुरलेली काचेच्या तंतूची केबल, तिच्यात लेसरचा प्रकाश सोडून हादरे वाचतात. ती मात्र फक्त आपल्या लांबीच्या दिशेने किती ताणली, किती आखडली तेवढं सांगते, तेही साधारण दहा मीटरच्या टप्प्याची सरासरी. काटकोनात येणारी पी-लहर (सगळ्यांत आधी पोचणारी, दाबाची लहर) तिला जवळपास कळतच नाही. स्फोटाच्या फार जवळ तर सिग्नलच तुटतो.

तरी मी जिओफोनला कंटाळलो, आणि त्याचं कारण आपली काळी माती. मे महिन्यात बोटभर भेगा, खिळा ठोकला तरी डुगडुगतो. जुलैत त्याच जागी चिखल. दर ब्लास्टला चोवीस नग नव्याने ठोका, केबल उलगडा, पुन्हा गुंडाळा. दोन ब्लास्टची तुलना करायला बसलो की फरक बारुदाचा आहे की माझ्या ठोकण्याचा, हेच उमगेना. काँक्रीटचे ठोकळे पुरले, तर बागवाले काका म्हणाले, "भाऊ, ट्रॅक्टरच्या आड येते ना हे!"

फायबर अडीच फूट चरात टाकली, वर मुरूम दाबला, एक पावसाळा बसू दिली. तेव्हापासून प्रत्येक ब्लास्ट त्याच जागांवरून ऐकू येतो. पहिल्या दिवशी हातोडीने ठोकत चालावं लागतं, कुठला चॅनेल, म्हणजे केबलवरची मोजणीची जागा, शेतात कुठे ते कळायला. जोडाच्या खड्ड्यात जादा केबलचं वेटोळं राहिलं असेल, तर वीस मीटर गेले कुठे म्हणून डोकं खाजवायचं. हार्डडिस्कही भराभर भरतात.

अमेरिकेतल्या नेवाडात 2018-19मध्ये कोरड्या गाळात चार रासायनिक स्फोट केले, तिथेही फायबर इतर उपकरणांच्या सोबतीनेच होती. मीही तेच करतो: गावाच्या पहिल्या घरापाशी एक जिओफोन, रिपोर्टच्या आकड्यापुरता.

एक-दोन ब्लास्टचंच काम असेल तर चर खणायच्या भानगडीत पडू नका. वर्षभर त्याच शेताखाली ब्लास्टिंग असेल, तर मी तरी फायबरच पुरेन. फक्त तिच्या लेसरच्या पेटीला एसीची खोली बघा. आपल्या कूलरची ओल तिला चालत नाही.