‘इंजिन बांधू की बदलू’ हा प्रश्नच माझ्या गळ्यात मारला

माझी पेट्रोल गाडी २ लाख ४० हजार किलोमीटर पळाली होती. नवी घेतल्यापासून माझ्याच हातात, इंजिन कधी खोललेलं नाही. तक्रार एकच, ऑइल खायला लागली होती. दीड हजार किलोमीटरला जवळजवळ लिटरभर. सकाळी चालू केली की पाच-दहा सेकंद निळसर धूर, मग साफ. लांब उतारावरून पाय उचलून आलो आणि खाली पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की तसाच एक भपका. पिकअप मात्र झकास, चढावर कुरकुर नाही.

हे इतकं बारकाईने सांगतोय, कारण निदान याच चार-पाच ओळींत होतं. मला ते सात महिन्यांनी कळलं.

ज्या गॅरेजमध्ये गेलो तिथल्या मिस्त्रीने गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं. आतून हलकी वाफ येत होती. झाकण नुसतं वर ठेवलं तर थडथड उडत होतं. “बघा साहेब, बॅक मारतेय. रिंगा गेल्या.” म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या झिजल्या आणि सिलिंडरमधला दाब खाली गळतोय. मी बघितलं, मान डोलावली. कुठल्याही चालत्या इंजिनाचं झाकण काढलं तर थोडी वाफ दिसतेच, गाडी जुनी असेल तर जरा जास्त. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली, वाफ परत इनटेककडे (इंजिनात हवा जाते त्या वाटेकडे) नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला असेल तर आणखी जास्त, आणि तेवढ्यानेही ऑइल कमी होतं. तो व्हॉल्व्ह म्हणजे हातात मावणारी वस्तू. त्याने तो पाहिलाच नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, तेही मोजलं नाही. गेज भिंतीवर टांगलेला होता, मला आजही तो डोळ्यांसमोर दिसतो.

“इंजिन बांधून घेऊ,” तो म्हणाला. म्हणजे खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडायचं. मी हो म्हटलं. अंदाजपत्रक तोंडी.

तीन दिवसांनी बोलावणं आलं. हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवलेलं, पॅनमध्ये काळं ऑइल, नट-बोल्ट डब्यांत. त्याने माझं बोट धरून सिलिंडरच्या वरच्या कडेवरून फिरवलं. नख अडकलं. “लागली ना पायरी? बोअर गेलं. आता लेथवाल्याकडे बोअर मारायचा, पिस्टन मागवायचे, क्रँक घासायचा, महिनाभर तरी जाईल. त्यापेक्षा माझ्याकडे एक कमी चाललेलं इंजिन आलंय, तीन दिवसांत बसवून देतो. जुनं बदल्यात जमा करून घेतो.”

बोअर म्हणजे सिलिंडरचं आतलं गोल भोक; ते झिजलं की कातून थोडं मोठं करणं म्हणजे बोअर मारणं. ती पायरी खरी होती, पण तिचा अर्थ त्याने सांगितला तो नव्हता. वरची रिंग जिथपर्यंत येते त्याच्या वर कार्बन साचतो, धातूही न झिजलेला राहतो, त्यामुळे बरंच पळालेल्या इंजिनात तिथे नखाला काहीतरी लागतंच. बोअर गेलं की नाही हे बोट सांगत नाही, बोअर गेज सांगतो. वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं मोजायचं. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत येतो. कंपनीच्या पुस्तिकेत त्याची मर्यादा दिलेली असते. मला कुणी आकडा दाखवला नाही, मीही मागितला नाही. गाडी तुकड्यांत पडलेली असताना माणूस मागत नाही. उचलून दुसरीकडे न्यायची म्हटलं तरी आधी कुणीतरी जोडायला हवी. या धंद्यातली खरी पकड तिथे असते.

मी दोन दिवस घरी बसून ‘बांधावं की बदलावं’ याचा हिशेब मांडत होतो. चांगला सविस्तर, वहीत दोन रकाने करून. पण इंजिनाला झालंय काय, हा रकाना त्यात नव्हताच.

शेवटी बदललं. ‘फक्त ६० हजार किलोमीटर’ चाललेलं म्हणून दिलेलं ते इंजिन दिसायला माझ्या जुन्यापेक्षा लखलखीत होतं. आकडा कुठून आला? त्याच्या तोंडून. किलोमीटर मोजणारं मीटर डॅशबोर्डवर असतं, इंजिनाच्या ब्लॉकवर नाही. सुटं इंजिन किती पळालंय हे त्याच्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. मूळ गाडीचे कागद किंवा सर्व्हिसच्या नोंदी सोबत असतील तरच त्या आकड्याला काही किंमत. आता वाटतं, झाकण उघडून आत टॉर्च तरी मारायला हवा होता. बाहेरून धुऊन रंग मारता येतो, पण हेडच्या आत चिकटलेला काळा डांबरासारखा गाळ इतक्या सहज जात नाही. ऑइल पॅनच्या कडेने ताजं सिलिकॉन बाहेर आलेलं होतं, ते मला ‘नीट सील केलंय’ असं वाटलं होतं. हसू नका.

चौथ्या महिन्यात तापायला लागली. पाचव्या महिन्यात धूर, आणि हा धूर सकाळपुरता नव्हता, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागे पडदाच. गॅरेजवाला म्हणाला, गॅरंटी इंजिनची आहे, दुसरं इंजिन देतो, पण उतरवणं-चढवणं, ऑइल, कूलंट, गॅस्केट तुमच्याकडे. म्हणजे मजुरी पुन्हा माझ्याच खिशातून, आणि येणारं इंजिन त्याच ढिगातलं. तोंडी गॅरंटीत नेमकं काय येतं हे बिघाड झाल्यावरच कळतं. माझं जुनं इंजिन परत मागितलं, तर ते “भंगारात गेलं.” निदान जुने पार्ट तरी द्या म्हटल्यावर पोऱ्याने मागच्या ढिगातून गोणपाटात दोन पिस्टन घालून दिले. “हे तुमचेच.” पिस्टनच्या बाजूला चांगलेच ओरखडे होते. बघून मला जरा बरंही वाटलं, की चला, इंजिन खरंच गेलं होतं.

गाडी दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी काही न बोलता चारही प्लग काढले, गेज लावला, मला म्हणाले, “पाय पूर्ण दाबून सेल मारा.” काटा दर फेरीला टप्प्याटप्प्याने चढायचा आणि थांबायचा. १६५, १६०, १०५, १६० पीएसआय. मग दाब कमी आलेल्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि परत मोजलं: १४०. “ऑइल टाकून वाढलं म्हणजे गळती रिंगांकडून. वाढलं नसतं तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट बघितलं असतं.” हे सगळं अर्ध्या तासात, एक बोल्टही न खोलता.

मग त्यांनी माझ्या जुन्या इंजिनाची लक्षणं विचारली. मी सांगितली. ते म्हणाले, “सकाळी धूर, उतारावरून आल्यावर धूर आणि पिकअप चांगलं? अहो, ते व्हॉल्व्हचे सील असणार.” रात्रभरात हेडमधलं ऑइल कडक झालेल्या सीलमधून थेंब-थेंब खाली उतरतं, सकाळी जळतं. उतारावर पाय उचलला की थ्रॉटल बंद होतो, इनटेकमध्ये जोराची ओढ तयार होते आणि तीच ओढ ऑइल खाली खेचते. बऱ्याच इंजिनांत हे रबरी सील हेड न उतरवता बदलता येतात. प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरायचे आणि एकेक स्प्रिंग काढायची. शिवाय दीड हजाराला लिटर म्हणजे काही इंजिन मेलं असंही नाही. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत ऑइल जाणं चालण्यासारखं धरलंय.

मी हट्टाने म्हटलं, “पण पिस्टन खराब होते, माझ्याकडे आहेत.” डिकीतून काढून दिले. त्यांनी एकाच्या डोक्यावरचा कार्बन फडक्याने पुसला, राहिलेला स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला, आणि अंगठा बाजूला करून मला दाखवलं. तिथे ठोकलेलं होतं: ०.५०.

“गाडी तुम्ही नवीच घेतलेली ना?”

“हो.”

“इंजिन कधी खोललं नव्हतं?”

“नाही.”

“मग हे तुमचे नाहीत.” ०.५० म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन. आधी एकदा बोअर मारलेल्या इंजिनात तो बसतो, कारखान्यातून आलेल्या माझ्या इंजिनात तो आतच गेला नसता. माझे पिस्टन कधी बाहेर निघाले की नाही, देव जाणे. माझं इंजिन भंगारात गेलं यावर तर माझा मुळीच विश्वास नाही. सील बदलून ते कुणाला तरी ‘कमी चाललेलं’ म्हणून दिलं असेल, असं मला वाटतं. सिद्ध करता येत नाही, कारण मी इंजिन नंबरचा फोटो काढलेला नव्हता, बदल्यात दिल्याची चिठ्ठी नव्हती. नोंदणीच्या कागदावर अजून जुनाच नंबर होता, ते निस्तरण्यात गेलेला वेळ वेगळाच.

यावेळी प्रश्न खराच होता: हे इंजिन बांधायचं की आणखी एक शोधायचं? ब्लॉकला तडा असता, कनेक्टिंग रॉड बाहेर आला असता किंवा पार्ट मिळत नसते तर म्हाताऱ्यांनीच बदला म्हटलं असतं, आणि तेसुद्धा बसवण्याआधी कॉम्प्रेशन मोजून, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, मागचं ऑइल सील नवं टाकून. इथे ब्लॉक धड होता. मी लेथवाल्याकडे स्वतः उभा राहिलो. त्याने चारही बोअर मोजून कागदावर लिहून दिले. तिसरा मर्यादेबाहेर, बाकीचे काठावर. नुसत्या रिंगा बदलून भागेल का, असं मी विचारलं. लेथवाला म्हणाला, लंबगोल झालेल्या बोअरमध्ये नवी गोल रिंग बसत नाही, दोन महिन्यांत परत याल. मग चारही बोअर मारले, होनिंग (बोअरची भिंत बारीक घासणं) केलं, हेडला फेसिंग (बसणारी बाजू सपाट करणं) केलं, सीलही बदलले. पहिलं ऑइल हजार किलोमीटरच्या आत काढून टाकलं.

आता आत चारही पिस्टन ०.२५ चे आहेत. बसवण्याआधी मी चौघांच्या डोक्यांचे फोटो काढले, इंजिन नंबरसकट. लेथवाला म्हणाला, “असं कुणी काढत नाही हो.” त्याला गोणपाटातला तो पिस्टन दाखवला. उलटसुलट करून बघितला, आणि म्हणाला, “हा तर तुमच्या मॉडेलचासुद्धा नाही.”