आरटीईचा फॉर्म : बेळगावात भरला तो आणि शिनोळीत भरला तो

रिव्ह्यू दुकानाचा लिहायचा असतो हे मान्य, पण इथं दुकान म्हणजे आमच्या बेळगावच्या वडगाव भागातलं एक सायबर-कम-झेरॉक्स सेंटर आणि त्याच्या काउंटरमागं उभं असलेलं सरकार, तेही एक नव्हे दोन (कर्नाटक आणि महाराष्ट्र), त्यामुळं स्टार नेमके कुणाला द्यायचे हेच कळंना झालंय. सेंटरचं नाव लिहीत नाही. पोरगा चांगला हाय पण एक तक्रार पण हाय, ती पुढं येईल, उगं त्याचं गिऱ्हाईक तुटायला नको.

परवा शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, "भाऊजी, तुम्ही आरटीई भरलं होतं न्हवं, आम्हाला मिळंल काय ओ?" म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आरटीई म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासनं लागू. त्यातल्या कलम १२ (१)(सी) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेनं पहिलीच्या (नायतर नर्सरी-एलकेजीच्या, जिथनं शाळा सुरू होते तिथल्या) किमान २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरातल्या पोरांना फुकट द्यायच्या. शाळेचा खर्च सरकार भरून देतं, पण शाळेची खरी फी आणि सरकारी शाळेत एका पोरामागं होणारा खर्च यातलं जे कमी तेवढंच. कर्नाटकात सुरवातीला पहिलीच्या पोरामागं वर्षाला ११,८४८ रुपये ठरले होते, मग १६,००० केले. महाराष्ट्रात १७,६७०. म्हणजे पैसा सरकारचा, शाळा खासगी, आणि आईबापाच्या हातात फक्त एक अलॉटमेंटचा कागद. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हे लागू नाही, सुप्रीम कोर्टानं २०१२ ला आणि परत २०१४ ला सांगितलंय, त्यामुळं लिस्टमधे कॉन्व्हेंट शोधत बसू नका, आमच्या हिनं अर्धा तास घालवला त्यात.

तर एप्रिल २०२४. लेकीचं पहिलीचं वय झालेलं. जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतनं (कर्नाटकात दाखले देणारं सरकारी ऑफिस) काढला, त्यावर आरडी नंबर असतो तो फॉर्मला लागतो, दाखल्याला दोन हेलपाटे झाले कारण एकदा सर्व्हर डाऊन आणि एकदा साहेब इलेक्शन ड्युटीवर. मग कामावरनं हाफ डे टाकून सेंटरला गेलो. सेंटरचा पोरगा कन्नडिग, पण मराठी आपल्यापेक्षा झकास बोलतो, आणि फॉर्म कन्नड-इंग्लिशमधे असल्यामुळं प्रत्येक रकाना आधी वाचून, मराठीत सांगून, मगच भरतो. समोर बसलेल्या म्हाताऱ्या आजींना त्यानं तीनदा सांगितलं की आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव वेगळं हाय, आधी ते नीट करून आणा, आत्ता भरलं तर पैसे वाया जातील. दुसरा असता तर भरून मोकळा झाला असता. याला म्हणतात सर्व्हिस.

आमचा नंबर आला. जिल्हा निवडला, तिथं बेळगावी आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे वेगळे येतात, निपाणी-रायबागवाल्यांनी चिक्कोडी बघायचं. मग ब्लॉक, मग वॉर्ड. आणि शाळांच्या यादीचा तो डबा (ड्रॉपडाऊन) उघडला तर आत आमच्या वॉर्डाची एकही विनाअनुदानित शाळा नाही. पोरगा काहीच बोलला नाही, रिफ्रेश मारला. परत तेच. परत रिफ्रेश. मग खुर्ची माझ्याकडं वळवून म्हणाला, "अण्णा, तुमच्या वॉर्डात सरकारी शाळा हाय की ओ. मग प्रायव्हेट येत न्हाई."

मी म्हटलं असं कसं, आमच्या गल्लीतनं रोज दोन इंग्लिश मीडियमच्या बस जातात.

"बस जातात ओ, सीट येत न्हाई."

झालं असं होतं की कर्नाटक सरकारनं २०१८ च्या शेवटी नियमच बदलला. शेजारात, म्हणजे शहरात वॉर्डात आणि खेड्यात त्या गावात, सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेच्या त्या जागा आरटीईत धरायच्याच नाहीत. २०१९ ला हायकोर्टात पालक गेले, पण कोर्टानं नियम बरोबर ठरवला. लाखाच्या वर जागा मिळायच्या त्या काही हजारांवर आल्या. आता बेळगावसारख्या गावात सरकारी शाळा नसलेला वॉर्ड तुम्ही मला दाखवा, मी तुम्हाला कुंदा चारतो. कायदा तसाच, पोर्टल तसंच, जाहिरात दरवर्षी पेपरात, अर्जाची शेवटची तारीख पण असते, नुसता डबा रिकामा. हॉटेलात मेनू कार्ड देऊन ऑर्डर घेताना प्रत्येक वेळी "ते संपलंय" म्हणतात तसलं. अर्धा स्टार, तोही पोर्टल लवकर उघडतंय म्हणून.

पोरग्यानं फॉर्म सबमिटच केला नाही आणि पन्नासातले तीस रुपये परत दिले. "प्रिंट काढली नाही न्हवं," म्हणाला.

आता शिनोळी. माझी बहीण तिकडं दिलीय. वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा, बाची, आणि बाची संपली की कोल्हापूर जिल्हा, चंदगड तालुका. गाडीवर अर्धा तास. भाषा तीच, आठवड्याला बाजारहाट बेळगावचाच, पेशंट बेळगावलाच, फक्त सरकार वेगळं. भाच्याचाही त्याच वर्षी पहिलीचा नंबर, तर आम्ही दोघं भावंडं एकाच महिन्यात एकाच कायद्याचा फॉर्म दोन राज्यांत भरत होतो.

तिथलं पोर्टल मराठीत. एकदम घरच्यासारखं वाटतं. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख (वंचित गटाला जातीचा दाखला असला की उत्पन्नाचा लागत नाही), आणि मजा म्हणजे त्यात एक बलून असतो. गुगल मॅपवर आपलं घर कुठं हाय तिथं तो बलून नेऊन ठेवायचा, त्यावरनं शाळेचं अंतर मोजतात, तेव्हा एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी, मग एक ते तीन असं होतं. सेंटरवाल्यानं घाईत बलून तिकडं चंदगडच्या बाजूला कुठंतरी सोडला होता, बहिणीनं स्क्रीनवर बोट ठेवून सांगितलं, "दादा, हे आमचं घर न्हवं, हे तर फॉरेस्ट हाय." तिनं बघितलं नसतं तर अर्ज जंगलातनं गेला असता. पडताळणीला चुकीचा पत्ता सापडला की प्रवेश रद्द, त्यामुळं बलून स्वतः बघा, डोळ्यांनी, दोनदा.

आणि नेमकं त्याच वर्षी महाराष्ट्रानं पण कर्नाटकाची कॉपी मारली. ९ फेब्रुवारी २०२४ चं राजपत्र, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीला २५ टक्क्यातनं सूट. बहिणीनं एप्रिलमधे फॉर्म उघडला तर सगळ्या झेडपीच्याच शाळा. तिचा फोन आला, "तुझ्यासारखंच झालं बघ." मी म्हटलं सोड, नशीब. पण मे महिन्यात मुंबई हायकोर्टानं स्थगिती दिली, परत सगळे अर्ज नव्यानं, परत सेंटर, परत पन्नास रुपये, परत बलून. आणि १९ जुलैला कोर्टानं तो नियम रद्दच केला, दुसऱ्या दिवशी कुणाला जागा मिळाली त्या लॉटरीचा निकाल. पुढं सुप्रीम कोर्टातही तो टिकला नाही. भाच्याचं नाव लागलं! पण शाळा जूनमधेच सुरू झालेली, पोरगं महिनाभर घरी बसून म्हशीमागं फिरालं होतं, आणि वर्गात गेल्यावर बाकीच्यांची दोन पुस्तकं संपत आलेली. एसएमएसवर विसंबून राहू नका, पोर्टलवर रोज बघा असं तिथंच लिहिलंय आणि ते खरंय, बहिणीला मेसेज आलाच नाही.

म्हणजे एकच केंद्राचा कायदा, एकाच पद्धतीचा नियम, एका हायकोर्टानं ठेवला आणि दुसऱ्या हायकोर्टानं उडवला, आणि मधे आमचा बाचीचा नाका. सीमाप्रश्नावर लोक काय काय बोलतात, मला तर त्या दिवशी ड्रॉपडाऊनमधे सीमा दिसली.

शाळेचा अनुभव पण लिहितो, सीट मिळाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही. शाळेचं नाव घेत नाही. ऑगस्टमधे त्यांनी बहिणीकडं ॲक्टिव्हिटी फी म्हणून साडेचार हजार मागितले. कायद्याच्या कलम १३ प्रमाणे कॅपिटेशन फी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड हाय, आणि पोराची नायतर पालकांची परीक्षा घेतली तर पहिल्यांदा २५,००० पर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० पर्यंत. वाचायला भारी वाटतं. दाजी पंचायत समितीत गेले तर तिथल्या क्लार्कनं पावती बघितली, पावतीवर बारीक अक्षरात "ऐच्छिक" लिहिलेलं. म्हणाला, तुम्ही इच्छेनं दिलेत. दाजींनी सांगितलं इच्छा माझी नव्हती, बाईंची होती. यावर तो हसला आणि चहा मागवला. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी तक्रार करता येते आणि तीन महिन्यात निकाल द्यायला पाहिजे, पण पोरगं त्याच शाळेत रोज जाणार, तर कुठला बाप लेखी देतो? शाळेची बाजू पण हाय, त्यांना सरकारकडनं पैसे वेळेवर येत नाहीत, वर्ष वर्ष थकतात, दोन्हीकडं हीच रड. देणाऱ्यानं थकवायचं, मग घेणाऱ्याला विचारायला तोंड राहत नाही.

माझा आत्तेभाऊ अमेरिकेत मिलवॉकीला असतो, त्याला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला हे आमच्याकडं १९९० पासनं चाललंय, व्हाउचर म्हणतात, सरकार पोराच्या नावानं खासगी शाळेला पैसे देतं, २०२३-२४ ला आठवीपर्यंतच्या पोराला ९,८९३ डॉलर. शाळेला दरवर्षी राज्याला ऑडिट द्यावं लागतं. तरी २०१३ ला तिथं एक व्हाउचरवाली शाळा रातोरात बंद करून चालवणारे दुसऱ्या राज्यात निघून गेले, तोवर सरकारचे वीस लाखाच्या वर डॉलर खाऊन झालेले. तेव्हा तिकडं सगळं सोनं हाय असं नाही. पण एक गोष्ट त्यानं दाखवली ती डोक्यातनं जाईना. त्यांच्या विस्कॉन्सिन राज्यात आमदारांकडं वशिला लावायला पगारी माणूस ठेवणाऱ्या संस्थेला नाव नोंदवावं लागतं, कुठल्या बिलावर किती वेळ घातला, किती खर्च केला ते दर सहा महिन्यांनी लिहून द्यावं लागतं, आणि ते वेबसाईटवर कुणालाही दिसतं. व्हाउचरच्या बाजूचे पण त्यात, विरोधातल्या शिक्षक संघटना पण त्यात.

आपल्याकडं असा कायदाच नाही. २०१२ ला वॉलमार्टनं लॉबिंगवर (म्हणजे असल्या वशिल्यावर) किती खर्च केला हे आपल्या संसदेला कळलं ते पण अमेरिकेतल्या कागदावरनं!

इथं डिसेंबरात सुवर्णसौधला (कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत) अधिवेशन असतं तेव्हा बस्तवाड-कोंडसकोप्पला तंबू पडतात. शिक्षक, अंगणवाडीताई, ऊसवाले, सगळे. मी त्या बाजूला डिलिव्हरीला जातो, त्यांचे बोर्ड वाचतो, कोण काय मागतंय हे कळतं, मंत्री येऊन निवेदन घेऊन जातो त्याचा फोटो पेपरात येतो. तंबूतले लॉबीवाले असे उघड्यावर असतात. काळ्या काचेच्या गाडीतनं हायवेनं सरळ आत जाणारे कोण आणि काय सांगून येतात, ते कुठल्या रजिस्टरला हाय? २०१८ चा तो नियम कुणाच्या सांगण्यावरनं झाला हे मला आजवर कागदावर कुठं सापडलं नाही. सरकारचं कारण उघड होतं, सरकारी शाळा ओस पडाल्यात आणि पैसा खासगीला जातोय.

आणि खरं सांगू, ते कारण मला पूर्ण खोटं पण वाटत नाही. डबा रिकामा निघाल्यावर लेकीला मी ज्या सरकारी मराठी शाळेत शिकलो तिथंच घातलं. वर्गात अकरा पोरं. माझ्या वेळी एका बाकावर चार बसायचो. बाई चांगल्या हायत, नाव घेऊन पोरं ओळखतात, दुपारचं जेवण गरम असतं, कन्नड पण नीट शिकवतात, लेक आता माझं लाईट बिल वाचून दाखवते. पण पावसाळ्यात दोन नंबरच्या खोलीत बादली ठेवतात ती ठेवतातच. आरटीईचे वाचवलेले पैसे या छपराला आले असते तर मी तो नियम बदलणाऱ्याला हार घातला असता.

वहिनींना मी सांगितलं, तुमच्या वॉर्डाची यादी आधी मोबाईलवर बघा, मगच दाखल्याच्या मागं लागा. महाराष्ट्रात माहेर हाय म्हणून तिकडचा पत्ता लावायचा विचार असेल तर करू नका, पडताळणीत सापडतंय.

सेंटरला साडेतीन स्टार. पाचच दिले असते. दीड कापला तो यासाठी की माझा आरडी नंबर त्यानं ज्या रद्दी कागदावर लिहून दिला, तो घरी येऊन उलटा केला तर मागं दुसऱ्याच कुणाच्या उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स होती, आधार नंबरासकट. दुसऱ्या दिवशी नेऊन दिला तर म्हणाला, "अय्यो, हे तर अण्णा तुम्ही फाडून टाकायचं की ओ." दुपारी दोन ते चार बंद असतं. झेरॉक्सच्या जास्तीच्या प्रती तिथं ठेवून येऊ नका.