धुराच्या अर्काच्या नावाखाली फवारणीचे पाणी

अचलपूरच्या बाजूला असलेल्या आमच्या गावात मी काही वर्षांपासून रोडगे, वरण आणि वांग्याच्या भरिताच्या ऑर्डरी घेते, आणि बहिरमच्या यात्रेच्या दिवसांत हे काम एकदम वाढते. भरिताची वांगी पूर्वी पऱ्हाटीच्या जाळावर भाजली जात. आता दहा-बारा किलो वांगी गॅसवर भाजावी लागतात, त्यात साल करपते पण धुराचा वास काही लागत नाही. निखाऱ्यावर तूप सोडून दिलेली धुरी चार माणसांच्या भाजीला पुरते, मोठ्या गंजाला नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी भाच्याकडून नागपूरहून लिक्विड स्मोकची, म्हणजे लाकडाच्या धुराच्या पातळ अर्काची, ११८ मिलिलिटरची एक आयात बाटली मागवली होती. पाच किलो भरिताला लहान चमचाभर अर्क पुरला आणि ‘चुलीवरचं दिसते’ असे लोक म्हणाले, त्यामुळे मी त्या बाटलीच्या प्रेमातच पडले. ती महाग होती, एवढीच तक्रार होती, आणि नेमके तिथेच मला गाठले गेले.

तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात आमच्या बचत गटाचा भरीत-भाकरीचा स्टॉल होता. तिथे एक गृहस्थ जेवले, त्यांनी भरिताची तोंडभर स्तुती केली आणि मी कोणता अर्क वापरते ते विचारले. बाटली पाहून ते हसले आणि म्हणाले, “ताई, परदेशी लाकडाच्या धुराले एवढे पैसे कायले देता? आपल्या बाभळीचा धूर आहे माझ्यापाशी, कंपनीतूनच सुटा येते.” पाच लिटरची कॅन १,८०० रुपयांना ठरली. कॅनवर एकही कागद नव्हता. मी विचारले तेव्हा ‘सुट्या मालाला लेबल नसते’ असे उत्तर मिळाले आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लेबलाचा एक फोटो आला. त्या फोटोवर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक दिसला आणि मी निश्चिंत झाले. तो क्रमांक कोणाच्या नावावर आहे, हे पाहण्याचे मला सुचलेसुद्धा नाही.

आणखी एका गोष्टीने मी फसले, आणि ती माझी स्वतःची समजूत होती. नागपूरच्या बाटलीतला अर्क कोऱ्या चहासारखा तांबूस आणि पारदर्शक होता. कॅनमधला काळाकुट्ट होता आणि झाकण उघडताच नाकात चढत होता. जितका काळा तितका कसदार, असे मी धरून चालले. प्रत्यक्षात नेमके उलटे आहे. हा अर्क करताना लाकूड कमी हवेत जाळतात, निघालेला धूर थंड करून पाण्यात उतरवतात आणि मग पाण्यात न विरघळणारे डांबर बसू देऊन, गाळून वेगळे काढतात, कारण बेंझोपायरीनसारखी घातक द्रव्ये मुख्यतः त्या डांबरातच असतात. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या अर्नेस्ट राइट नावाच्या औषधविक्रेत्याने १८९५ मध्ये असा धूर बाटलीत भरून विकायला सुरुवात केली, असे सांगतात. म्हणजे पैसे द्यायचे ते डांबर काढून टाकण्याचे, आणि मी ते डांबरासकट विकत घेतले होते.

पहिल्याच ऑर्डरीत भरीत कडवट लागले आणि दोघांनी घसा खवखवल्याचे कळवले. मी फोन केला तेव्हा त्या गृहस्थांनी शांतपणे मलाच विचारले की माल कुठे ठेवला होता. टिनाच्या छपराखालच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या शेजारी, पत्र्याच्या झाकणाच्या बरणीत काढून, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. “मग उन्हाने माल फाटणारच,” असे म्हणून त्यांनी सगळा दोष माझ्यावर ढकलला, आणि मला ते पटलेही, कारण बरणीचे झाकण खरोखरच गंजले होते. ती चूक माझीच होती. हा अर्क आंबट असतो, त्यामुळे तो लोखंड, पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियमला लागू देऊ नये. मूळ काचेच्या बाटलीतच, झाकण घट्ट लावून, उजेड आणि शेगडीपासून दूर ठेवावा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा मी आता बाटली माजघरातल्या बंद कपाटात सर्वांत खालच्या फळीवर ठेवते. परंतु उन्हाने वास उतरू शकतो, जुन्या बाटलीत थोडा गाळही बसू शकतो. नसलेले डांबर मात्र उन्हाने तयार होत नाही.

उलगडा शेजारच्या भाऊजींनी केला. ते वांगी द्यायला आले, बरणीचा वास घेतला आणि म्हणाले, “वहिनी, हे त आमच्या फवारणीचं पाणी होय!” त्यांनी घरून आपली कॅन आणली. कोळसा पाडताना निघणारा हा लाकडाचा आंबट अर्क शेतकरी पाण्यात मिसळून पिकावर फवारतात, आणि त्यांच्या कॅनवर ‘फक्त शेतीच्या वापरासाठी’ असे स्पष्ट छापलेले होते. आम्ही काचेच्या तीन पेल्यांत पाणी घेऊन एकेक चमचा टाकून पाहिला. नागपूरच्या बाटलीतले उरलेले थेंब पाण्यात मुकाट मिसळले. बाकी दोन्ही पेल्यांवर इंद्रधनुष्यासारखा तेलकट तवंग आला आणि काठाला चिकट काळी रेघ बसली, जी राखेने घासूनही निघाली नाही. या परीक्षेत उतरलेला माल खाण्यायोग्यच आहे असे मात्र कोणी समजू नये. शेतीचा अर्क चांगला गाळलेला असेल तर तोही तवंग दाखवणार नाही.

त्या रात्री भाच्याने फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी संकेतस्थळावर फोटोतला क्रमांक टाकला, तेव्हा तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका पापड-लोणच्याच्या उद्योगाचा निघाला. हे काम पाच मिनिटांचे होते आणि ते पैसे देण्याआधी करायचे होते. आता मी घटक, बॅच क्रमांक, तारीख आणि आयात माल असेल तर आयातदाराचा पत्ता छापलेली सीलबंद बाटलीच घेते, तीही लहान. अस्सल मालाचाही हात मी आखडता ठेवला आहे, कारण युरोपीय संघाने २०२४ मध्ये आठ धूर-स्वादांच्या परवानगीचे नूतनीकरण आरोग्याच्या शंकेवरून नाकारले आहे.

ज्या दोन घरी ते भरीत गेले होते, तिथे जाऊन मी पैसे परत केले. ते सांगताना मान वर होत नव्हती. माझे १,८०० रुपये आले नाहीत आणि तो फोन आता लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली आहे. “तुमच्या कामाची नाही त माह्या वांग्यांवर तरी मारू द्या,” म्हणून भाऊजी दोनदा कॅन मागून गेले, पण पुरावा म्हणून ती तोंडाला कापड बांधून गोठ्यात ठेवली आहे.