सिलनायलॉन की सिलपॉली? पावसाळी टार्पचं कापड निवडताना

टार्प म्हणजे दोऱ्यांनी डोक्यावर ताणायचं छत. सिलनायलॉन म्हणजे सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन, सिलपॉली म्हणजे तसंच पॉलिएस्टर. हातात घेतली तर दोन्ही कापडं सारखीच वाटतात: तीच सळसळ, तोच सिलिकॉनचा बुळबुळीत स्पर्श. फरक कळतो पहिल्या भिजलेल्या रात्री.

नायलॉन पाणी पितं. वर सिलिकॉनचा लेप असला तरी धागा ओलावा शोषतो, आणि ओलं नायलॉन सैल पडतं. संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला टार्प मध्यरात्री झोळीसारखा लोंबतो. मग भर पावसात उठून दोऱ्या आवळत बसा! जुलैच्या सह्याद्रीत हे नेहमीचंच. पॉलिएस्टर ओलावा जवळजवळ धरतच नाही, त्यामुळे सिलपॉली रात्रभर बऱ्यापैकी ताठ राहतं. उन्हातही ते जास्त टिकतं.

मग नायलॉन घ्यायचंच कशाला? चिवटपणासाठी. तेवढ्याच वजनात ते सहसा उशिरा फाटतं. करवंदीच्या जाळीत अडकल्यावर हे पटतं. शिवाय थोडं ताणलं जात असल्याने वाऱ्याचा झटका अंगावर घेतं.

डेनियरचा आकडा मात्र बघाच. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. १५ डेनियरचं सिलपॉली आणि ३० डेनियरचं सिलनायलॉन यांची तुलना करून ‘पॉलिएस्टर कच्चं’ म्हणणं अन्यायाचं आहे.

दोन्ही बाजूंना सिलिकॉन असेल तर शिवणीवर पाणी अडवणारी नेहमीची टेप चिकटत नाही, सिलिकॉन सीलंट स्वतःच लावावं लागतं. कंटाळवाणं काम, पण एकदाच.

मी पावसाळ्यात २० डेनियरचं सिलपॉलीच नेतो. झोपमोड मला परवडत नाही.